बदला घेतो एक, बिल भरतो दुसरा

२०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारावर अन्न व औषध प्रशासनाची पहाटे धाड पडली. जागेवरच्या चाचणीत मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन, सापडलं, आणि त्याच दिवशी नंतर खुलासा आला की प्रमाण मर्यादेत आहे. मासळीत फॉर्मेलिनला मर्यादा असते तरी कसली, हे गोव्यातल्या घराघरांत विचारलं गेलं. आठवड्याच्या आत परराज्यातल्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी आली. वर्षाअखेरीस नियम निघाला की गाडी इन्सुलेटेड हवी आणि प्रशासनाकडे नोंदणी हवी. मालवण-कारवारकडचे लहान वाहतूकदार त्यात अडकले, कारण त्यांचा सगळा कोल्ड स्टोरेज म्हणजे टेम्पोच्या हौद्यात बर्फ आणि वर ताडपत्री. मग पलीकडून इशारे आले: आमची मासळी चालत नसेल तर तुमच्या गाड्या आमच्या हद्दीतून कशा जातात ते बघू.

गोव्याच्या बाजूने बघा, तर हा खाण्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. मालवणच्या जेटीवरून बघा, तर ही शिक्षा होती आणि तिला उत्तर देणं भाग होतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. या भांडणाचा खर्च कोणी भरला? टेम्पोचा हप्ता थकलेल्या माणसाने, आणि बांगड्याचा वाटा महाग झाला म्हणून अर्धाच घेऊन घरी गेलेल्या बाईने. इशारे देणाऱ्यांपैकी कुणाच्या खिशातून दमडी गेली असेल, असं मला वाटत नाही.

व्यापारधंद्यातला बदला समजून घ्यायचा तर धागा हाच धरावा लागतो. बदला घ्यायचं ठरवणारा एक असतो आणि त्याचा खर्च भलत्याच्याच खात्यावर पडतो. हिशेब त्याच्यासमोर येतच नाही, म्हणून त्याला तो फुकटच वाटतो. कंपनीने तक्रार करणाऱ्या कामगाराला हलवलं, मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे मागणाऱ्या पुरवठादाराची ऑर्डर तोडली, एका देशाने दुसऱ्याच्या सफरचंदावर शुल्क लावलं, या तिन्ही गोष्टी वरून वेगळ्या दिसल्या तरी त्यांचं अर्थकारण बरंचसं सारखं आहे.

कारखान्याच्या आतला बदला

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्या बनवणारा एक कारखाना आहे असं समजू. तिथल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमधल्या एका केमिस्टच्या लक्षात येतं की एका बॅचचं सॅम्पल चाचणीत फेल झालं होतं. ते पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा मशीनवर लावलं गेलं आणि रेकॉर्डला फक्त शेवटचा, पास झालेला आकडा ठेवला. मशीनच्या संगणकात प्रत्येक फेरीची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे बघणाऱ्याला ते दिसतं. ती सुपरवायझरला सांगते. तो म्हणतो, बघतो. पंधरा दिवसांनी तिची वेर्ण्याच्या युनिटमध्ये बदली होते.

कागदावर काहीच बिघडलेलं नसतं. पगार तोच, पद तेच, पत्रात ‘प्रशासकीय कारणास्तव’. पण ती वाळपईची. कुंडईला कंपनीची बस येत होती, वेर्ण्याला जायला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात आणि घरी पोचेपर्यंत रात्र होते. तीन महिन्यांत ती स्वतःच राजीनामा देते. एचआरच्या फाईलमध्ये ‘वैयक्तिक कारण’. कारखान्यातला बदला बहुतेक वेळा असाच दिसतो. थेट कामावरून काढणं क्वचित, कारण त्याचा पुरावा राहतो. त्याऐवजी काम काढून घेऊन रिकामं बसवतात, मीटिंगला बोलवत नाहीत, अप्रेझलमध्ये ‘संघवृत्ती कमी’ असा शेरा मारतात, आणि दुसरीकडे नोकरी मिळताना चौकशीचा फोन आला की दोन सेकंद गप्प राहून मग ‘ठीक होती’ म्हणतात.

आता खर्च मोजू. ती बॅच त्याच दिवशी टाकून दिली असती तर नुकसान समजा ४० लाख. मालकाला वाटतं, एका बदलीच्या पत्रात आपण ४० लाख वाचवले. पण त्या लॅबमध्ये अजून आठ-दहा माणसं आहेत आणि बदली का झाली हे त्यांना दुपारच्या जेवणापर्यंत कळलेलं असतं. पुढच्या वेळी सॅम्पल फेल झालं की त्यांच्यातला कुणीही वर सांगायला जाणार नाही. म्हणजे मालकाने ४० लाख वाचवताना आपल्याच कारखान्यातून खरी बातमी येण्याचा रस्ता बुजवला. तापमापक फोडून ताप उतरवण्यातला प्रकार. पुढची चूक त्याला आतून कळणार नाही, ती बाहेरून कळेल, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याकडून किंवा परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून, आणि तेव्हा तिची किंमत ४० लाख नसेल.

किती असू शकते, याचं औषधधंद्यातलं उदाहरण रॅनबॅक्सीचं आहे. दिनेश ठाकूर २००३ साली त्या कंपनीत आले. वरिष्ठाने सांगितल्यावरून त्यांनी कंपनीच्या औषधांची माहिती तपासली, तेव्हा निरनिराळ्या देशांच्या नियामकांना दिलेल्या चाचण्यांच्या माहितीत खोटेपणा असल्याचं त्यांना आढळलं. हे कंपनीच्या संचालकांपर्यंत पोचलं होतं. म्हणजे कंपनीला इलाज करायची संधी आतल्या आत, स्वतःच्या माणसाकडून, जवळपास फुकटात मिळाली होती. ठाकूर २००५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध नियामकाला कळवलं. २००८ मध्ये देवास आणि पावंटा साहिब इथल्या कारखान्यांतल्या तीसहून अधिक औषधांना अमेरिकेचं दार बंद झालं. मे २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्यातले सुमारे ४.८६ कोटी डॉलर अमेरिकी कायद्याप्रमाणे ठाकूर यांना मिळाले.

या गोष्टीतला मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे. ५० कोटी डॉलरची कबुली झाली तोवर कंपनी जुन्या मालकांकडे राहिलीच नव्हती. जपानच्या दाइइची सांक्योने ती २००८ मध्ये विकत घेतली होती. ज्यांच्या काळात बातमी दाबली गेली ते पैसे घेऊन बाहेर, आणि दंड नव्या मालकाच्या माथी. जपानी कंपनीने मग जुन्या मालकांवर सिंगापूरच्या लवादात दावा लावला आणि २०१६ मध्ये जिंकला, पण ती वेगळी रामकहाणी.

वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत गिऱ्हाइकांना न विचारता त्यांच्या नावे लाखो खाती उघडली गेली, कारण कर्मचाऱ्यांवर टार्गेटचा दबाव होता. बँकेचीच एक नीतिमत्ता हेल्पलाइन होती. तिच्यावर फोन करून हे सांगणाऱ्यांपैकी काहींना नंतर कामावरून काढलं गेलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने अशाच एका मॅनेजरला परत घ्या आणि ५४ लाख डॉलर द्या, असा आदेश दिला. बँकेला खरा फटका मात्र २०१८ च्या फेब्रुवारीत बसला. मध्यवर्ती बँकेने तिच्या एकूण मालमत्तेवर मर्यादा घातली, की आहात त्याच्यापुढे वाढायचं नाही. ती मर्यादा उठायला २०२५ चा जून उजाडला. सात वर्षं शेजारच्या बँका वाढत होत्या आणि ही जागच्या जागी.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

आपल्याकडे या विषयाचा कायदा एका खुनानंतर सुरू होतो. सत्येंद्र दुबे, आयआयटी कानपूरचे अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर होते. कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट निरनिराळ्या कार्यालयांत फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. दोन वर्षांनी इंडियन ऑइलच्या षण्मुगम मंजुनाथ यांचा लखीमपूर खीरीत खून झाला, कारण पेट्रोलपंपावरची भेसळ त्यांनी पकडली होती.

दुबेंच्या हत्येनंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने एक ठराव काढला, ज्याला सरकारी भाषेत पीआयडीपीआय म्हणतात. त्याची पद्धत माहीत असलेली बरी. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाला बंद लिफाफ्यातून पाठवायची आणि लिफाफ्यावर ती या ठरावाखालची तक्रार आहे असं लिहायचं. आपलं नाव-पत्ता आतल्या पत्रात द्यायचा, लिफाफ्यावर नाही. निनावी तक्रार इथे घेत नाहीत. नाव द्या, आम्ही ते झाकू, असा हा व्यवहार आहे. दुबेंच्या बाबतीत जे घडलं नेमकं तेच टाळण्यासाठी हा लिफाफा बेतला आहे. मात्र याची हद्द केंद्राचे कर्मचारी आणि केंद्राच्या कंपन्या-बँका एवढीच. वास्कोतली गोवा शिपयार्ड किंवा मुरगाव बंदर त्यात येतं. राज्याचं खातं, पंचायत किंवा तुमच्या गावातलं खाजगी हॉटेल येत नाही.

पुढे २०१४ मध्ये संसदेने व्हिसल ब्लोअर्स (आतला गैरव्यवहार उघड करणारे) संरक्षण कायदाच केला. राष्ट्रपतींची सहीही झाली. अंमलबजावणीची अधिसूचना मात्र निघाली नाही. कायदा आहे, पण लागू नाही! यावर माझं मत लिहिण्यासारखं नाही, वाचकांनी आपलं लावून घ्यावं.

खाजगी कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्यात एक कलम आहे. शेअर बाजारात नोंद असलेली, लोकांकडून ठेवी घेणारी किंवा बँकांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेतलेली कंपनी असेल, तर तक्रारीसाठी वेगळी यंत्रणा ठेवायची आणि तक्रारदाराचा छळ होणार नाही याची तजवीज करायची. तक्रारदाराला गरज पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षापर्यंत जाता आलं पाहिजे, हेही त्यात आहे. आपल्याकडचे बहुतेक कारखाने आणि हॉटेलं या चाळणीतून खालीच पडतात. शेअर बाजारात आतल्या माहितीवर सौदे करणाऱ्यांची खबर देणाऱ्याला सेबी बक्षीस देते. २०१९ मध्ये ते एक कोटीपर्यंत होतं, पुढे दहा कोटींपर्यंत वाढवलं.

बदल्याचा एक प्रकार तर कायद्याच्याच पायऱ्या चढून येतो. बोलणाऱ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावायचा. जिंकणं हा हेतू नसतो, त्याला तारखांना पळवून दमवायचा. गोव्यातल्या खाणींविरुद्ध लिहिणाऱ्या एका कार्यकर्त्यावर एका खाण कंपनीने ५०० कोटींचा दावा लावला होता, आणि तो पणजीत नाही, थेट कोलकात्याच्या उच्च न्यायालयात. गावातल्या माणसाने वकील करायचा तो कोलकात्यात, तारखेला जायचं तेही कोलकात्याला.

खाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी जुन्याच होत्या. शेतात मातीचा गाळ येतो, विहिरी आटतात, ट्रकांच्या रांगांमुळे रस्त्यावर पाय ठेवता येत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, सगळीकडे हेच. ऐकून घेऊन ट्रकांची संख्या, उत्खननाचं प्रमाण, लीजची हद्द वेळीच नीट केली असती तर खर्च आला असता, पण आवाक्यातला. तसं झालं नाही. चौकशीसाठी नेमलेल्या शाह आयोगाने बेकायदा खाणकामातल्या नुकसानीचा आकडा सुमारे ३५ हजार कोटींवर नेला. तो आकडा वादग्रस्त आहे आणि मलाही तो जास्त वाटतो, पण परिणामाबद्दल वाद नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. साखळीपासून कुडचड्यापर्यंत कर्ज काढून घेतलेले टिपर अंगणात गंजत उभे राहिले, मांडवी-झुआरीतल्या बार्जेस नांगर टाकून पडल्या, ढाबे आणि गॅरेजं बंद झाली. टिपरवाल्याने कुणाला कोलकात्याला खेचलं नव्हतं, पण बँकेचा हप्ता त्याच्या नावावर होता.

पैसे मागितले म्हणून

मी फोंड्यात लहान कारखान्यांचे हिशेब बघतो. त्यामुळे पुरवठादाराची ऑर्डर तोडण्याचा प्रकार माझ्या टेबलावर रोज येतो. आमचा एक पुठ्ठ्याची खोकी बनवणारा आहे. दहा-बारा माणसं, एक कोरुगेशन मशीन. त्याच्या येणे रकमेच्या यादीत सगळ्यात वरचं नाव वर्षानुवर्षं एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचं असतं. नव्वद दिवस, एकशे वीस दिवस. मी म्हणतो, व्याज लावून पत्र टाकूया. तो माझ्याकडे असा बघतो जणू मी त्याला मशीन विकायला सांगितलं.

कायदा त्याच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, सरकारी पोर्टल आहे. इतका कडक कायदा असून खोकीवाला पोर्टल उघडत नाही, कारण तक्रारीचा क्रमांक मिळेल त्या दिवशी पुढची ऑर्डर बंद होईल हे त्याला माहीत आहे. त्यासाठी कुणी धमकी दिलेली नाही, द्यावी लागतही नाही. नुसत्या शक्यतेनेच काम होतं. बदल्याचा हा खर्च कुठल्याच आकडेवारीत येत नाही, कारण न झालेल्या तक्रारी कोण मोजणार?

केंद्राने हा पेच वेगळ्या बाजूने सोडवायचा प्रयत्न केला. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४३ बी कलमात एक पोटकलम घातलं, जे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे कर जास्त भरावा लागतो. यात खोकीवाल्याने कुणाविरुद्ध बोलायचंच नाही. गिऱ्हाइकाचा ऑडिटरच मार्चमध्ये विचारणार, यांचे पैसे का थकलेत? ज्याला बदल्याची भीती आहे त्याच्या तोंडून तक्रार काढायची गरजच ठेवली नाही, ही त्यातली हुशारी. त्या मार्चमध्ये आमच्याकडचे थकलेले चेक खरोखर हलले. दुसरी बाजूही सांगायला हवी. काही गिऱ्हाइकांनी उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) असलेल्यांकडून माल घेणंच कमी केलं आणि काहींनी नोंदणी रद्द करा असं सुचवलं. पाण्याला वाट मिळतेच, तशी बदल्यालाही मिळते.

देश देशाशी भांडतात तेव्हा

मालकाने केमिस्टला हलवलं तर ती उलट मालकाला हलवू शकत नाही. दोन देशांचं तसं नाही, तिथे दोघांच्याही हातात काठी असते. म्हणून व्यापारातला बदला कधीकधी कामाला येतो. पण तिथेही बिल कुणाकडे जातं ते बघावं लागतं. आयात शुल्क म्हणजे परदेशी माणसाला केलेला दंड, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात माल बंदरात उतरला की शुल्क भरतो तो आपल्या देशातला आयातदार, आणि तो जमेल तेवढं गिऱ्हाइकावर ढकलतो.

२०१८ मध्ये अमेरिकेने पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के जादा शुल्क लावलं. भारताने प्रत्युत्तराची यादी केली, पण बोलणी चालू आहेत म्हणून ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारतीय मालाला दिलेली जुनी शुल्कसवलतही काढली, तेव्हा १६ जूनपासून २८ वस्तूंवर शुल्क वाढलं. सफरचंदावर ५० चं ७० टक्के झालं, अक्रोड, बदाम, हरभरा, मसूर हेही त्यात. म्हापशाच्या बाजारात ‘वॉशिंग्टन’ची चिकटी असलेली सफरचंदं कमी झाली आणि तुर्कस्तानची, इराणची दिसू लागली. अमेरिकेच्या त्या राज्यातल्या बागायतदारांना हे लागलं, आणि त्यांनी आपल्या खासदारांच्या मागे भुणभुण लावली. यादी करणाऱ्यांना हेच तर हवं होतं. बदामाचं मात्र तसं झालं नाही. कॅलिफोर्नियाच्या बदामाला तेवढ्या प्रमाणात पर्याय नाही, त्यामुळे बदाम येतच राहिला आणि जादा शुल्क आपल्याच गिऱ्हाइकाने भरलं. ज्या मालाला दुसरा पुरवठादार आहे तिथे मार समोरच्याला बसतो, जिथे नाही तिथे आपल्यालाच. २०२३ मध्ये दोन्ही देशांनी सहा तंटे मिटवले आणि सप्टेंबरात ही जादा शुल्कं उतरली. चार वर्षांत तुर्की सफरचंदाने बसवलेलं बस्तान मात्र एका अधिसूचनेने उठत नाही.

चीनने २०१८ मध्ये अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं तेव्हा ब्राझीलचं फावलं, आणि अमेरिकेच्या सरकारला आपल्या शेतकऱ्यांसाठी दोन वर्षांत सुमारे २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली.

बदला किती चिवट असतो याचा नमुना कोंबडीपासून सुरू होतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने स्वस्त अमेरिकी कोंबडीवर शुल्क वाढवलं. अमेरिकेने १९६४ पासून ब्रँडी, बटाट्याचं स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के लावलं. कोंबडीचं भांडण लोक कधीच विसरले, पण ट्रकवरचं शुल्क तसंच राहिलं, कारण तोवर अमेरिकेतल्याच ट्रक कंपन्यांना त्याची सावली आवडू लागली होती. गंमत पुढे आहे. फोर्ड ही अमेरिकी कंपनी आपली छोटी व्हॅन परदेशात बनवून आणायची. प्रवासी गाडी दिसावी म्हणून मागे सीट बसवायच्या, बंदरात उतरली की सीट काढून टाकायच्या आणि मालवाहू म्हणून विकायची. हे प्रकरण २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर भरून मिटवलं. साठ वर्षांपूर्वीच्या कोंबडीच्या रागाचं बिल!

जागतिक व्यापार संघटनेने बदल्याला लगाम घालायची पद्धत केली होती. आधी पंचांकडे जा, जिंकलास आणि समोरचा तरी सुधारला नाही, तर परवानगी घेऊन उलट शुल्क लाव. पण तुझं जेवढं नुकसान झालं तेवढंच, त्याहून जास्त नाही. कागदावर हे चोख आहे. लहान देशाचं काय होतं हे अँटिग्वाने दाखवलं. ऑनलाइन जुगाराच्या व्यवसायावरून या चिमुकल्या बेटाने अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला (मांडवीत तरंगणारे कॅसिनो रोज बघणाऱ्या आपल्याला त्या धंद्याचं अप्रूप वाटायचं कारण नाही). २००७ मध्ये त्याला वर्षाला २.१ कोटी डॉलरचा बदला घ्यायचा हक्क ठरवून मिळाला. पण घेणार कसा? पर्यटनावर जगणारं बेट, बरंच काही बाहेरून येणारं. अमेरिकी मालावर शुल्क लावलं तर आपल्याच हॉटेलांचं जेवण महाग. म्हणून त्याला अमेरिकी कॉपीराइट-पेटंट न पाळण्याची मुभा दिली गेली. तीही त्याने प्रत्यक्षात वापरली नाही.

गोव्याला हे कळायला अवघड जाऊ नये. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून येते, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर आपण ती सवलतीत घेतो. म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकावर कितीही राग असला तरी बेळगावची भाजी बंद करा असं म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा भाव ऐकून गप्प होतो. सिंधुदुर्गाशी तेच. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. अशा प्रत्येक वादात तिळारीच्या पाण्याचं नाव कुणीतरी काढतोच. धरण तिकडे, कालवे इकडे, इस्पितळ इकडे, रुग्ण तिकडचे.

मग कधीच उलट मारू नये का? रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी अभ्यासकाने १९८० च्या सुमारास संगणकांवर एक स्पर्धा घेतली. प्रत्येकाने एक धोरण पाठवायचं, ती धोरणं एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळणार. त्यात अनातोल रॅपोपोर्ट यांचं अगदी साधं धोरण जिंकलं. सुरुवात सहकार्याने करायची आणि मग समोरच्याने मागच्या खेपेला जे केलं तेच करायचं, जशास तसं. हे उदाहरण देणारे एक गोष्ट सांगायची विसरतात. हे धोरण पहिला वार कधीच करत नाही, आणि समोरचा सुधारला की त्याच क्षणी सुधारतं. दुसरी गोष्ट नंतरच्या संशोधनातून निघाली. समोरच्याची चाल चुकून वाईट वाचली गेली, तर दोन ‘जशास तसे’ एकमेकांना अखंड मारत राहतात. यावर उपाय म्हणून अधूनमधून एखादा वार सोडून देणारं धोरण जास्त टिकतं. खाण्याच्या सुरक्षिततेचा नियम पलीकडे शिक्षा म्हणून वाचला जातो, तेव्हा नेमकं हेच होत असतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग रशियन तेलाच्या कारणाने आणखी २५ असं ५० टक्के शुल्क लावलं. औषधं त्यातून वगळली होती, त्यामुळे वेर्णा-कुंडईला हायसं वाटलं. कोळंबी निर्यात करणाऱ्यांना ते भाग्य नव्हतं. कापडवाल्यांनाही नव्हतं. पोलाद-ॲल्युमिनियमच्या शुल्काबद्दल भारताने मे महिन्यातच जागतिक व्यापार संघटनेत प्रत्युत्तराचा हक्क राखून ठेवला होता. ऑगस्टमध्ये मात्र सरकारने अमेरिकी मालावर काही न लावता उलटंच केलं. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढून टाकलं आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे आपल्या कापड कारखान्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा. वार न करण्याचा हा निर्णय गिरण्यांच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. बिल त्यालाही होतंच. ऐन हंगामाच्या तोंडावर बाहेरचा कापूस शुल्काविना येणार म्हटल्यावर शेतकरी संघटना भडकल्या, कारण भाव पडला तर तो विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्याचा पडणार होता. अमेरिकेशी भांडायचं की नाही, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.